दोन माइक, एक टीव्ही

जुलै १९८३ मध्ये निन्तेन्दो कंपनीने जपानच्या बाजारात 'फॅमिकॉम' हे घरगुती गेमयंत्र आणले. त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये एक छोटा माइक बसवलेला होता. पहिल्या कंट्रोलरवर जिथे 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणे होती, तिथे दुसऱ्यावर माइक आणि आवाज कमीजास्त करण्याची सरकपट्टी. त्यात बोलले की टीव्हीतून ऐकू येई. यंत्राला मात्र गाणे, ओरडणे आणि फुंकर यांतला फरक कळत नसे. आवाज झाला की नाही, इतकेच त्याला समजे. १९८६ मध्ये आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या गेममध्ये मोठाल्या कानांचा एक राक्षस होता. माइकमध्ये आरडाओरडा केला की तो मरत असे. त्याच वर्षी डिसेंबरात 'ताकेशी नो चोसेन्जो' हा विचित्र गेम आला. त्याची कल्पना प्रसिद्ध विनोदी कलाकार ताकेशी कितानो यांची. त्यात नायकाला बारमध्ये जाऊन कराओके गावे लागे आणि त्यासाठी खेळणाऱ्याने खरोखरच तो कंट्रोलर तोंडाशी धरून आवाज काढायचा. १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत गेले, तेव्हा हा माइक त्यात ठेवला नव्हता.

जपानमध्ये माइक हाती घेऊन गाणे ही तोवर रोजची बाब झाली होती, आणि त्यामागे साथीदारांची एक कहाणी आहे. कोबे शहरात सान्नोमिया नावाचा भाग आहे. तिथल्या क्लबांमध्ये दाइसुके इनोउए नावाचा एक वादक गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करी. त्याचे एक गिऱ्हाईक म्हणजे एका छोट्या कंपनीचा मालक. त्याला गाण्याची हौस दांडगी, पण ताल सांभाळता येत नसे. इनोउए त्याच्या कलाने वाजवत असल्यामुळे त्याचे गाणे निभावून जाई. एकदा कंपनीच्या सहलीला हा मालक निघाला आणि साथीला तूच हवास म्हणून अडून बसला. इनोउएला जाणे शक्य नव्हते. मग त्याने मालकाच्या गाण्याच्या सवयी ध्यानात घेऊन साथ टेपवर वाजवली आणि ती टेप पाठवून दिली. मालक खूश झाला आणि इनोउएला त्यातला धंदा दिसला. १९७१ मध्ये त्याने मोटारीतला आठ ट्रॅकचा टेपप्लेअर, अॅम्प्लिफायर, माइक आणि नाणी टाकायची पेटी असे सगळे एका खोक्यात बसवले. 'एट ज्यूक' नावाची अशी ११ यंत्रे त्याने बारना भाड्याने दिली. पेटंट घेतले नाही. कराओके यंत्राच्या शोधाचा मान एकट्या त्याला देणेही बरोबर नाही. तोक्योत शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्येच 'स्पार्को बॉक्स' बनवला होता, आणि फिलिपीन्सचे रोबेर्तो देल रोसारिओ यांनी आपल्या यंत्राचे पेटंट पुढे मिळवलेही. पण मला या इतिहासात कोबेच्या त्या टेपचे मोल सर्वांत अधिक वाटते. ती एका कच्च्या गायकाच्या मापाने कापलेली साथ होती. आपल्या मैफलींतला चांगला पेटीवादकही हेच करतो. गाणाऱ्याचा श्वास संपत आला हे त्याला गाणाऱ्याच्या आधी कळते.

बारमधले कराओके परक्या लोकांसमोर गायचे असे. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस ऐकतो आहे, ही जाणीव अनेकांचा गळा आवळून टाकी. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ओकायामा परिसरात कुणीतरी मालवाहतुकीचा जुना कंटेनर घेतला, आत यंत्र बसवले आणि तो तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. जपानी घरांच्या भिंती पातळ, खोल्या लहान. घरी मोकळ्याने गाण्याची सोय नाही. या 'कराओके बॉक्स'मध्ये शाळकरी मुली आल्या, कॉलेजचे मित्र आले, दुपारच्या वेळी गृहिणी आल्या. पुरुषांच्या मद्यपानाला जोडलेले गाणे तिथून सुटले. ऐकणारे सगळे आपलेच असले की वाईट गाण्याची भीती जाते, हे त्या लोखंडी खोक्याने दाखवून दिले. पुढच्या प्रत्येक गाण्याच्या गेमचा पाया तोच आहे.

जुलै १९८७ मध्ये बांदाई कंपनीने फॅमिकॉमसाठी 'कराओके स्टुडिओ' काढला. गेमच्या कार्ट्रिजला जोडलेला खराखुरा माइक, पडद्यावर शब्द, शेवटी गाण्याचे मूल्यमापन. साथ वाजवायला मात्र फॅमिकॉमची ध्वनिचिप. तिच्यात पाचच आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक खरखरीचा आणि एक नमुने वाजवणारा. त्या पिपाण्यांच्या साथीवर प्रेमगीत म्हणायचे म्हणजे फार मनोधैर्य हवे. तरी घरात, टीव्हीसमोर बसून, यंत्राकडून गाण्याचे गुण मिळवायचे ही कल्पना इथे पूर्ण आकाराला आली होती. तिला योग्य यंत्र मिळायला आणखी सोळा-सतरा वर्षे जावी लागली. मधल्या काळात संगीताचे गेम वेगळ्या वाटेने वाढले. डिसेंबर १९९६ मध्ये मासाया मात्सुउरा यांचा 'पाराप्पा द रॅपर' आला, मग कोनामीने डीजेची तबकडी, नाचायची चटई, प्लॅस्टिकची गिटार असे एकेक आणले. या सगळ्यांत हात-पाय तालावर पडले की गुण मिळत. गळ्याला त्यात काम नव्हते.

गळ्याकडे वळले ते अमेरिकेतले हार्मोनिक्स. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून बाहेर पडलेल्या अॅलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी यांनी १९९५ मध्ये ही कंपनी काढली. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास. त्यांचे सुरुवातीचे प्रयत्न वाखाणले गेले, पण खपले नाहीत. नोव्हेंबर २००३ मध्ये कोनामीसाठी त्यांनी प्लेस्टेशन २ वर 'कराओके रिव्होल्यूशन' केला. पडद्यावर सुरांच्या आडव्या पट्ट्या सरकत येत. आपला आवाज एका बाणाच्या रूपात दिसे. बाण पट्टीवर राहिला की प्रेक्षक जल्लोष करत, घसरला की हुर्यो. सूर डोळ्यांना दिसू लागला. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी झेप. ज्यांना आपण बेसूर आहोत एवढेच ठाऊक असते, त्यांना आता आपण खाली आहोत की वर हे कळू लागले. शब्दांवर उड्या मारणारा चेंडू १९२०च्या दशकापासून सिनेमागृहांत होता. मॅक्स फ्लायशर यांच्या कार्टूनपटांनी तो आणला होता. त्या चेंडूने वेळ दाखवली. सुराची उंची दाखवायला मधे ऐंशीएक वर्षे गेली.

आणि मग लंडन. सोनीने २००३ मध्ये 'आयटॉय' नावाचा छोटा कॅमेरा काढला होता आणि त्याचा खेळ तिच्या लंडन स्टुडिओने केला होता. त्याच्यापुढे उभे राहून हात हलवले की खेळ चाले. कधी कंट्रोलर हातात न धरलेली माणसेही त्यामुळे गेम खेळू लागली. त्याच विचाराच्या वाटेवर मे २००४ मध्ये युरोपात 'सिंगस्टार' आला. निर्मितीची धुरा पॉलिना बोझेक यांच्याकडे होती. खोक्यात एक तबकडी आणि दोन माइक, एक लाल खुणेचा, एक निळ्या. कराओके रिव्होल्यूशनमध्ये गाणी दुसऱ्याच कलाकारांनी पुन्हा गायलेली होती आणि रंगमंचावर संगणकाने काढलेली पात्रे होती. सिंगस्टारने मूळ गायकाचे मूळ ध्वनिमुद्रण घेतले आणि मागे त्या गाण्याचा मूळ व्हिडिओ लावला. ज्या गाण्याच्या तालावर तुमची कॉलेजची वर्षे गेली, ते गाणे जसेच्या तसे समोर. माणसे सोफ्यावरून उठली ती यामुळे.

काळही अनुकूल होता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' सुरू झाले होते. सामान्य माणसाचे गाणे आणि त्यावर परीक्षकांचे शेरे हा घरोघरचा विषय बनला होता. ही लाट २००४ च्या ऑक्टोबरात 'इंडियन आयडॉल' होऊन आपल्याकडे पोचली आणि पुढच्या मार्चमध्ये अभिजीत सावंतने ते जिंकले तेव्हा महाराष्ट्राने केलेला जल्लोष अनेकांना आठवत असेल. २००४ या वर्षाची आणखी एक आठवण नोंदवली पाहिजे. त्या शरदात दाइसुके इनोउए यांना हार्वर्डमध्ये शांततेचे 'इग नोबेल' देण्यात आले. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग शोधल्याबद्दल, अशी त्यामागची भावना होती. पुरस्कार गमतीचा, पण त्यातले निरीक्षण मला अगदी खरे वाटते.

सिंगस्टार ऐकतो कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. माइकमधून येणाऱ्या लहरीचे अगदी छोटे छोटे तुकडे तो घेतो आणि प्रत्येक तुकड्यात लहर सेकंदाला किती वेळा स्वतःची पुनरावृत्ती करते ते मोजतो. ४४० वेळा आली तर पाश्चात्त्य पद्धतीचा 'ए', ४६६ च्या आसपास आली तर त्यावरचा अर्धा स्वर. मूळ गाण्याचे सूर तबकडीत आधीच लिहून ठेवलेले असतात. दोन्हींची तुलना होते आणि शेवटी १०,००० पैकी गुण मिळतात. सप्तक कोणतेही चालते. ४४० च्या जागी २२० लागला तरी पूर्ण गुण, म्हणजे स्त्रीचे गाणे पुरुषाने खालच्या सप्तकात म्हणावे. सोनेरी पट्ट्यांना जास्त गुण. अवघडपणाच्या तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चूक माफ करण्याची मर्यादा वेगळी. शब्द मात्र यंत्राला कळत नाहीत. 'ला ला ला' म्हटले तरी सूर बरोबर असला की गुण पक्के.

आपल्या गाण्याच्या भेंड्यांशी हे ताडून पाहावे. भेंड्यांत शब्दांवर सगळी मदार. दिलेल्या अक्षरावरून गाणे आठवले पाहिजे, मुखडा चुकला की समोरचा गट आक्षेप घेतो. सूर कुठेही गेला तरी कुणी हरकत घेत नाही. सिंगस्टारमध्ये शब्द पडद्यावर फुकट मिळतात आणि परीक्षा होते ती सुराची. तरीही दोन्ही खेळांत खोलीतला गलका सारखाच. भेंड्यांमध्ये बेसूर मावशींना गाण्याची मुभा मिळते, कारण तिथे त्या गात नसतात, आपल्या गटासाठी अक्षर सोडवत असतात. इथेही तसेच. 'गा ना' म्हटल्यावर संकोचणारा माणूस 'तुझी पाळी' म्हटल्यावर उभा राहतो. गुण त्याला निमित्त पुरवतात. सर्वांत कमी गुण मिळालेल्याच्या वाट्याला सर्वांत मोठा हशा येतो, आणि पुढच्या वेळी तोच सर्वांच्या आधी माइक मागतो. आठ जणांपर्यंत दोन गट करून माइक हातोहात फिरवण्याचा प्रकार सिंगस्टारमध्ये होता. आयटॉय कॅमेरा जोडला तर व्हिडिओच्या जागी गाणारेच पडद्यावर दिसत, आणि गाणे संपल्यावर आपला आवाज पुन्हा ऐकता येई. एवढ्या साध्या योजनेवर युरोपातल्या कितीतरी वाढदिवसांच्या, नाताळच्या आणि नववर्षाच्या रात्री पार पडल्या. जर्मन, स्पॅनिश, इटालियन, नॉर्वेजियन, पोलिश अशा वेगवेगळ्या भाषांतल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या; २००८ मध्ये आब्बाची, २००९ मध्ये क्वीनची स्वतंत्र तबकडी निघाली.

२००७ मध्ये हिंदी चित्रपटगीतांची 'सिंगस्टार बॉलिवुड' आली. मराठी गाण्यांची तबकडी आली नाही. हिंदी गाण्यांच्या बाबतीत या यंत्राची मर्यादा उघडी पडते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पडद्यावरची पट्टी सपाट असते: हा सूर, मग तो सूर. आपल्या गाण्यात एका सुरातून दुसऱ्यात जाण्याची वाट हेच निम्मे गाणे. मींड, मुरकी, कण, आंदोलन यांना त्या पट्ट्यांत जागा नाही. जो माणूस जागा घेऊन, घोळवून गातो, त्याचा आवाज पट्टीच्या वर-खाली जातो आणि गुण कापले जातात. जो सरळसोट, खिळे ठोकल्यासारखे सूर लावतो, तो पुढे जातो.

दुसरी अडचण पट्टीचीच, पण वेगळ्या अर्थाने. आपल्याकडे कुणाची काळी चार, कुणाची पांढरी एक. पेटीवाला गायकाला आधी 'पट्टी कोणती?' विचारतो. सिंगस्टारमध्ये मूळ ध्वनिमुद्रण असल्यामुळे पट्टी ठरलेली, बदलायची सोय नाही. सप्तक बदलता येते, पण अनेक पुरुषांना स्त्रीगीत वरच्या सप्तकात पोचत नाही आणि खालच्या सप्तकात घोगरे होते. त्यांना हवे असते मधले काहीतरी. जपानच्या कराओके खोल्यांतल्या यंत्रांत पट्टी वर-खाली करायचे बटण असते, कारण तिथे साथ गायकासाठी असते. सोनीने मूळ गायकाचा आवाज दिला आणि त्या बदल्यात साथीदार काढून घेतला. हा सौदा यशस्वी ठरला हे मान्य, पण त्यात कोबेच्या वादकाचा मनाचा मोठेपणा हरवला असे मला वाटते. ती उणीव खोलीत जमलेल्या मित्रांनी भरून काढली. सूर अडला की मागून तिघेचौघे आवाज लावत.

यानंतरची काही वर्षे प्लॅस्टिकच्या वाद्यांची. हार्मोनिक्सने २००५ मध्ये 'गिटार हीरो' आणि २००७ मध्ये 'रॉक बँड' काढला. गिटार, बास, ड्रम आणि माइक, चार मित्र एका खोलीत. सप्टेंबर २००९ मधल्या 'द बीटल्स : रॉक बँड'मध्ये तिघांनी तीन वेगळ्या सुरांत एकत्र गाण्याची सोय होती. हे एका मायक्रोफोनच्या खेळापेक्षा खूप कठीण, आणि जमले तर अंगावर काटा आणणारे. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २००८ मध्ये जपानच्या आयनिस स्टुडिओकडून 'लिप्स' करून घेतला. त्याचे माइक बिनवायरचे होते आणि गाताना उजळत. पण या वाद्यांनी घरातल्या कपाटांची जागा भरली, दरवर्षी नवे संच निघाले आणि लोक कंटाळले. फेब्रुवारी २०११ मध्ये गिटार हीरो विकणाऱ्या अॅक्टिव्हिजन कंपनीने त्याचा विभागच बंद केला. ड्रम माळ्यावर गेले. सिंगस्टारचे दोन माइक खणात मावत, म्हणून ते टिकले.

एक नवीच अडचण चपट्या टीव्हींनी आणली. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र तत्काळ दिसे. नवे पडदे चित्रावर प्रक्रिया करतात, त्यात सेकंदाचा काही अंश जातो आणि मनापासून तालात गाणारा माणूस यंत्राला मागे पडलेला दिसतो. मग खेळ सुरू करण्याआधी विलंब मोजून जुळवून घ्यायची सोय करावी लागली.

गाणीही तबकडीतून निघाली. २००७ च्या अखेरीस प्लेस्टेशन ३ वर सोनीने 'सिंगस्टोअर' उघडले. हवे ते एकेक गाणे विकत घेऊन उतरवून घ्यायचे. २०१४ च्या 'अल्टिमेट पार्टी'त तर मोबाइल फोनच माइक म्हणून वापरता येऊ लागला. २०१७ मध्ये शेवटचा भाग आला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी सर्व्हर बंद झाले. ज्यांनी गाणी आधीच उतरवून ठेवली होती त्यांच्याकडे ती राहिली, पण यंत्र बिघडले तर पुन्हा मिळणार नव्हती. प्लेस्टेशन २ च्या तबकड्या मात्र अजून चालतात. ते यंत्र पंधरा कोटींहून अधिक विकले गेलेले, त्यामुळे जुन्या बाजारात ते आणि ते दोन माइक आजही सापडतात.

पार्टीतला खेळ संपला नाही. 'लेट्स सिंग'सारख्या मालिका आजच्या यंत्रांवर चालू आहेत. महाराष्ट्रात या यंत्रांपेक्षा फोन आधी पोचला. 'स्मूल'वर अनोळखी माणसाबरोबर युगुलगीत गाता येते, 'स्टारमेकर' गुण देतो, आणि टाळेबंदीच्या काळात निवृत्त काका-काकूंनी त्यावर रात्री जागवल्या. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात कराओकेचे गट आहेत. ते सभागृह भाड्याने घेतात आणि सदस्य आपल्या पट्टीत ट्रॅक बदलून आणतात. गुण तिथे कुणी देत नाही, ऐकणारे मात्र असतात. फोनवरच्या गाण्यात गुण आहेत, पण खोली नाही. दोन्हींची गाठ घालणारी एक वाट उपलब्ध आहे आणि तिचा वापर आपण फारसा केलेला नाही.

'अल्ट्रास्टार' हा सिंगस्टारच्या धर्तीवर हौशी लोकांनी केलेला मुक्त संगणकीय गेम. त्यात गाणे म्हणजे एक ध्वनिफीत आणि एक साधी मजकुराची फाइल. फाइलच्या प्रत्येक ओळीत एक अक्षर, ते कोणत्या ठोक्यावर सुरू होते, किती ठोके टिकते आणि त्याचा सूर कोणता, याचे आकडे. सोनेरी सुरापुढे तारा, आणि जिथे सूर तपासायचा नाही तिथे 'एफ'. जगभरच्या लोकांनी कानाने ऐकून अशा फाइली आपापल्या भाषांत लिहिल्या आहेत. मराठी भावगीते, लावण्या, नाट्यपदे यांच्या फाइली मित्रमंडळींपुरत्या कुणीतरी बसून लिहाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मींड असेल तिथे एका अक्षराचे चार-पाच छोटे सूर करता येतात. तान असेल तिथे 'एफ' लावून गाणाऱ्याला मोकळे सोडता येते. वाद्यसंगीताचा ट्रॅक दोन अर्धे स्वर खाली आणला, तर फाइलमधल्या सगळ्या सुरांच्या आकड्यांतूनही तेवढेच वजा केले की झाले. काळी चारचे गाणे काळी तीनमध्ये येते. पेटीवर हात असलेल्या माणसाला एका गाण्याला एखादी संध्याकाळ पुरावी.